लहान पान, मोठे पान

माझी चौतीस वर्षे मोठ्या पानात गेली. मोठे पान म्हणजे दैनिकाचे ते आठ स्तंभांचे पान. दोन्ही हात पुरते पसरल्याशिवाय न उघडणारे आणि आगगाडीत वाचायला घेतले की शेजाऱ्याच्या नाकाला लागणारे. एका मराठी दैनिकात मी आधी मुद्रितशोधक होतो, मग रात्रपाळीचा उपसंपादक झालो. खिळे जुळविणाऱ्यांच्या काळात आत शिरलो आणि संगणकावर पाने लागू लागल्यावर बाहेर पडलो. या साऱ्या काळात एक समजूत मी मनाशी घट्ट धरून होतो. ती अशी की, मोठ्या पानावर छापतात ते वृत्त, आणि लहान पानावर छापतात ते चव्हाट्यावरचे बोलणे!

मुंबईला गेलो की स्टॉलवर 'ब्लिट्झ' टांगलेले दिसे. रूसी करंजियांचे हे साप्ताहिक १९४१ साली निघाले. आकार लहान, मथळे ठसठशीत. १९५९ साली नानावटी प्रकरण गाजू लागले तेव्हा पंचवीस पैशांचा अंक लोकांनी दोन-दोन रुपये मोजून घेतला, ही हकीकत आमच्या कचेरीतले जुने लोक चवीने सांगत. मीही 'ब्लिट्झ' घेई. पण वाचून झाला की घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवी आणि वर आमचा स्वतःचा अंक ठेवी. लहान पान झाकायला मोठे पान बरे पडे!

ही समजूत मोडली ती लिव्हरपूलमध्ये, आणि मोडली माझ्या सतरा वर्षांच्या नातीने.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे तिकडे गेलो होतो. जावई तिथे इस्पितळात डॉक्टर आहेत. मुलगीही नोकरी करते. त्यामुळे दिवसभर घरात मी, आणि दुपारनंतर कॉलेजातून आलेली नात. तिच्या विषयांत 'मीडिया स्टडीज' नावाचा एक विषय आहे. वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रपट, जाहिराती या सर्वांचा त्यात अभ्यास करतात. आमच्या वेळी वर्गात वर्तमानपत्र वाचताना सापडलो तर गुरुजी कान पिळीत. इथे ते वाचल्याबद्दल गुण मिळतात!

एका शुक्रवारी ती म्हणाली, "आजोबा, उद्या मला तुमची मदत हवी. एकाच दिवसाचे दोन पेपर घ्यायचे. एक ब्रॉडशीट, एक टॅब्लॉइड. दोन्हींची पहिली पानं शेजारी ठेवायची आणि तुलना करायची. तुम्ही तर यातले एक्स्पर्ट!"

निवृत्त माणसाला एक्स्पर्ट म्हटले की त्याला दुसरे काही लागत नाही. शनिवारी सकाळी मी तिच्या आधी बूट घालून तयार होतो.

कोपऱ्यावरचे दुकान एका गुजराती गृहस्थांचे होते. वडिलांबरोबर लहानपणी केनियातून इकडे आलेले. मी 'टेलिग्राफ' उचलला. ते तिथले मोठ्या पानाचे दैनिक. मग मी म्हणालो, "और एक 'सन' दीजिए."

त्यांनी मान वर केली. "काका, वो अख़बार मैं नहीं रखता."

मला वाटले, संपला असेल. "दुसरीकडे मिळेल का?" असे मी विचारणार, तोच नातीने माझी बाही ओढली. त्या दुकानात विड्या-सिगारेटी होत्या, सोडतीची तिकिटे होती, दारूच्या बाटल्या होत्या. देशात भरपूर खपणारे एक दैनिक मात्र नव्हते, आणि ते नाही याची त्या गृहस्थांना खंतही नव्हती. शेवटी आम्ही 'डेली मिरर' घेतला. बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आजोबा, या गावात तो पेपर मागायचा नसतो. दुपारी तुम्हाला दाखवते का ते."

घरी येऊन आम्ही दोन्ही अंक जेवणाच्या टेबलावर मांडले. 'टेलिग्राफ'ने टेबल व्यापले. फूटपट्टी लावली तर पान साधारण साठ सेंटिमीटर उंच आणि साडेसदतीस रुंद. 'मिरर' त्रेचाळीसच्या आसपास उंच आणि अठ्ठावीस रुंद. मोठे पान मधोमध दुमडले की जवळजवळ लहान पान होते. फरक एवढाच, एका घडीचा!

पान इतके मोठे मुळात झाले कशाने, हे मी तिला सांगितले. इंग्लंडात १७१२ साली वृत्तपत्रांवर मुद्रांक-कर बसला आणि तो बसला कागदाच्या तावावर. मालकांनी हिशेब केला: ताव एकच, तर त्यात मावेल तितके कोंबावे. ताव वाढत गेला, अक्षर बारीक होत गेले. कर उठला १८५५ साली; पण तोवर मोठ्या पानाला प्रतिष्ठा चिकटली होती. जे मूळ कर वाचविण्याच्या युक्तीतून आले, ते पुढे कुलीनपणाचे लक्षण ठरले. लंडनच्या 'टाइम्स'चा मान असा की, त्याच्या पहिल्या पानावर बातमीच नसे. छोट्या जाहिराती असत. पहिल्या पानावर बातमी आली ती थेट १९६६ च्या मे महिन्यात. वाचकाला ओरडून हाक मारणे हे त्यांना कमीपणाचे वाटे.

'टॅब्लॉइड' शब्दाची कथा नातीच्या पुस्तकात होती. हा शब्द मुळी वृत्तपत्राचा नव्हे, औषधाचा! बरोज वेलकम या औषधे करणाऱ्या कंपनीने १८८४ साली आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदविले. पूर्वी पुड्या आणि काढे घ्यावे लागत; आता तेच औषध एवढ्याशा गोळीत मिळू लागले. शब्द लोकांना इतका आवडला की, जे जे छोटे आणि आटोपशीर त्याला ते टॅब्लॉइड म्हणू लागले. आपल्या नावाच्या रक्षणासाठी कंपनीला न्यायालयात जावे लागले. १९०१ च्या पहिल्या दिवशी लंडनचे वृत्तपत्र-सम्राट आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड'चा एक अंक पाहुणे संपादक म्हणून काढला. तो लहान आकाराचा होता आणि त्याला त्यांनी हेच नाव दिले. १९०३ साली त्यांनीच लंडनमध्ये 'डेली मिरर' काढला. स्त्रियांनी चालविलेले, स्त्रियांसाठीचे दैनिक म्हणून तो निघाला आणि आपटला. मग त्याचे सचित्र दैनिक केले, आणि ते असे चालले की १९६४ साली रोजचा खप पन्नास लाखांवर गेला. त्या सुमारास 'टाइम्स' अडीच लाखांच्या आसपास खपत होता.

"म्हणजे मोठा पेपर साहेब वाचायचा आणि लहान पेपर साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हर," नात म्हणाली. तिच्या शिक्षिकेनेही असेच काहीसे शिकविले होते. मोठे पान पसरायला जागा लागते, निवांतपणा लागतो. गर्दीच्या ट्रामगाडीत एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाला लहान पानच सोईचे.

मग तिने तक्ता आखला. मथळ्यात शब्द किती? अक्षर केवढे? चित्राने पानाचा किती भाग घेतला? पहिल्या पानावर बातम्या किती? वाक्ये लांब की तोकडी? माणसाचा उल्लेख आडनावाने की लाडक्या नावाने? मुलांना हे सारे मोजायला लावतात आणि मग विचारतात की, या पेपरने आपला वाचक कोण मानला आहे? पद्धत मला मनापासून आवडली. उपसंपादक म्हणून एक गोष्ट कबूल करणेही भाग पडले. लहान पानाचे काम सोपे नाही. आठ स्तंभांत घोळ घालता येतो. चार शब्दांच्या मथळ्यात प्रत्येक शब्दाला भाडे भरावे लागते!

तरी तक्त्याचा शेवटचा रकाना आला तेव्हा मी ऐटीत सांगितले, "लिही. ब्रॉडशीट, विश्वसनीय. टॅब्लॉइड, अविश्वसनीय."

ती पेन्सिल चावीत म्हणाली, "आजोबा, मग 'टाइम्स' कुठल्या रकान्यात घालू?"

"अर्थात मोठ्यात!"

"पण तो लहान आहे."

आणि तो खरोखरच लहान आहे. 'इंडिपेंडंट'ने २००३ साली लहान आकार आणला. २००४ साली 'टाइम्स'ने मोठे पान सोडून दिले. 'गार्डियन' २००५ मध्ये मधल्या, बर्लिनर नावाच्या आकारात आला आणि २०१८ च्या जानेवारीत पुरता लहान झाला. आम्ही बोलत होतो तेव्हा देशभर जाणाऱ्या दैनिकांत 'टेलिग्राफ' आणि 'फायनान्शिअल टाइम्स' एवढीच मोठ्या पानाची उरली होती. उलट बाजूनेही माझा पराभवच होता. 'डेली मेल' १८९६ साली निघाला तो मोठ्या पानावर, आणि १९७१ पर्यंत मोठाच होता. 'सन' १९६९ पर्यंत मोठा होता. खून, लफडी आणि घटस्फोट यांवर पोसलेले 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे रविवारचे पत्र १८४३ साली जन्मले आणि १९८४ पर्यंत मोठ्या पानावरच निघाले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे चव्हाट्यावरचे बोलणे ऐसपैस आठ स्तंभांत चालले होते!

मी म्हणालो, "शेवटचा रकाना तूर्त मोकळा ठेव."

दुपारी ती मला ॲनफील्डला घेऊन गेली. लिव्हरपूल फुटबॉल क्लबाचे हे मैदान. बाहेर भिंतीपाशी एक स्मारक आहे. त्यावर सत्त्याण्णव नावे कोरलेली आहेत. समोर फुले आणि गळ्यातले तांबडे मफलर ठेवलेले. एक म्हातारी बाई एका नावावरून बोट फिरवीत उभी होती. आम्ही थोडे दूर थांबलो, आणि तिथे नातीने मला सगळे सांगितले.

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड गावच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपान्त्य सामना. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनच्या बाजूने प्रवेश होता. दारे थोडी, माणसे हजारो. बाहेर गर्दी तुंबली तेव्हा पोलिसांनी एक मोठे दार उघडले. लोंढा आत शिरला आणि समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या कोंडवाड्यात गेला. कोंडवाडाच म्हणायचा, कारण उभे राहण्याच्या त्या जागेला चोहोबाजूंनी कुंपण होते. ती जागा आधीच भरलेली होती. पुढची माणसे जाळीवर दाबली जाऊन उभ्याउभ्या गुदमरली. कितीतरी मुले नातीच्याच वयाची होती.

चार दिवसांनी, १९ एप्रिलला, 'सन'चे पहिले पान निघाले. मथळा दोन शब्दांचा: 'द ट्रुथ'. सत्य! खाली तीन आरोप. काही प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले; काहींनी पोलिसांवर लघवी केली; एकाला तोंडाने श्वास देत असलेल्या पोलिसाला काहींनी मारहाण केली. हा मजकूर शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेकडून आला होता. संस्थेला तो काही पोलिसांनी आणि एका स्थानिक खासदाराने पुरविला होता. हे आरोप इतरही काही वृत्तपत्रांनी छापले. पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी 'पोलिसांचे म्हणणे' एवढे तरी शब्द ठेवले होते. 'सन'चे संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी ते शब्द मथळ्यातून घालविले, आणि उरले ते सत्य!

लिव्हरपूलने तो अंक विकत घेणे बंद केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मुख्य दोष पोलिसांच्या बंदोबस्ताकडे दिला. पण डाग लवकर जात नाही. २०१२ साली स्वतंत्र समितीने कागदपत्रे बाहेर काढली, तेव्हा पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाल्याचे उघड झाले. पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर त्यांतल्या बहुतेक जबान्यांतून गाळला होता. २०१६ च्या एप्रिलात मृत्युचौकशीच्या ज्यूरीने निर्णय दिला: हे मृत्यू बेकायदा कृत्याने झाले, आणि प्रेक्षकांचा यात काही दोष नव्हता. 'सन'ने २००४ साली पानभर माफी मागितली, २०१२ साली पहिल्या पानावर पुन्हा मागितली. मॅकेन्झींनीही मागितली. पण तेवीस वर्षे उलटली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या त्या गुजराती गृहस्थांच्या दुकानात तो पेपर २०२३ सालीही नव्हता.

परतताना मी बोललो नाही. नातीला वाटले, थंडीने दमलो. रात्री जेवणानंतर ती तक्ता घेऊन बसली आणि म्हणाली, "तुमचंच बरोबर म्हणायचं का मग? टॅब्लॉइड, अविश्वसनीय?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिला दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. दोन्ही मोठ्या पानाच्या.

पहिली 'टाइम्स'ची. १८ एप्रिल १८८७ रोजी 'टाइम्स'ने आयर्लंडचे पुढारी पार्नेल यांचे एक पत्र हुबेहूब छायाप्रतीसह छापले. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये १८८२ साली झालेल्या खुनांना पार्नेल यांची आतून संमती होती, असा त्याचा अर्थ होई. पत्रासाठी 'टाइम्स'ने पैसे मोजले होते. पुढे चौकशी आयोगापुढे रिचर्ड पिगॉट नावाचा इसम साक्षीला आला. या पत्रांचा उगम त्याच्यापाशी होता. पार्नेल यांचे वकील चार्ल्स रसेल यांनी त्याला काही शब्द कागदावर लिहायला सांगितले. त्यात 'हेझिटन्सी' हा शब्द होता. पिगॉटने त्यात 'ए'च्या जागी 'ई' घातला. खोट्या पत्रातही नेमकी तीच चूक होती! पिगॉट माद्रिदला पळाला आणि १ मार्च १८८९ रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. 'टाइम्स'ला पार्नेल यांना पाच हजार पौंड द्यावे लागले. एका अक्षराच्या चुकीने एवढा मोठा डाव उधळला, म्हणून प्रत्येक मुद्रितशोधकाने ही गोष्ट पाठ करावी, असे मी नवशिक्यांना सांगत असे.

दुसरी गोष्ट 'संडे टाइम्स'ची. १९८३ च्या एप्रिलात या मोठ्या पानाच्या, मोठ्या नावाच्या पत्राने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याची घोषणा केली. जर्मनीच्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने त्या लाखो मार्क मोजून घेतल्या होत्या, आणि ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या इतिहासकाराने त्या खऱ्या ठरविल्या होत्या. दोन आठवडे झाले नाहीत तोच पश्चिम जर्मनीच्या दप्तरखान्याने सांगितले की, कागद, शाई सारे युद्धानंतरचे. कोनराड कुजाऊ नावाच्या एका बनावटखोराने त्या घरी बसून लिहिल्या होत्या.

नातीने दोन्ही टिपून घेतले आणि म्हणाली, "पण मग आमच्या टीचरनी दाखवलेलं दुसरं पान बघा." तिने फोनवर एक चित्र काढले. १४ फेब्रुवारी १९९७ चा 'डेली मेल'. हेही टॅब्लॉइड. स्टीफन लॉरेन्स नावाच्या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाचा २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनच्या एल्टम भागात बसथांब्याजवळ खून झाला होता. चार वर्षे झाली तरी कोणाला शिक्षा नव्हती. आदल्या दिवशी मृत्युचौकशीच्या ज्यूरीने, पाच गोऱ्या तरुणांच्या वंशद्वेषी हल्ल्यात तो मारला गेला, असा निर्णय दिला होता. 'मेल'ने पाच तरुणांची छायाचित्रे नावांसह छापली आणि वर एकच शब्द ठेवला: 'खुनी'. खाली लिहिले की, आमचे चुकत असेल तर या पाचांनी आमच्यावर खटला भरावा. कोणीही भरला नाही. पुढे सरकारी चौकशी झाली आणि १९९९ साली मॅकफर्सन यांच्या अहवालाने लंडनच्या पोलिसांचा वंशभेद उघड केला. २०१२ च्या जानेवारीत त्या पाचांपैकी दोघांना जन्मठेप झाली.

"इथेही 'आरोप' हा शब्द नाहीच," नात म्हणाली. "मग 'सन' चूक आणि 'मेल' बरोबर, असं कसं?"

चांगला प्रश्न होता. चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. न्यायालयाआधी एखाद्याला खुनी म्हणणे मला आजही धोक्याचे वाटते. पण एक फरक मला दिसला, तो मी तिला सांगितला. 'मेल'ने ज्यांना खुनी म्हटले ते जिवंत होते, त्यांची नावे छापली होती, ते न्यायालयात जाऊ शकत होते. पेपरने आपली मान पुढे केली होती. 'सन'ने ज्यांना चोर म्हटले त्यांत काही मेलेल्यांचे सोबती होते, बाकीची बिननावाची गर्दी होती. मेलेला माणूस अब्रुनुकसानीचा दावा लावू शकत नाही, आणि गर्दीही लावू शकत नाही. म्हणजे ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याच्याविषयी त्यांनी 'सत्य' सांगितले.

"आणि असं मीही केलंय," मी म्हणालो.

ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितलेली नव्हती.

१९७८ सालची रात्र. एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेतल्या एका कारकुनाला अपहाराच्या संशयावरून पकडले होते. वार्ताहराने ठाण्यावरून दूरध्वनीने बातमी दिली. एका स्तंभाची, साधी बातमी. मी मथळा दिला: 'अपहाराच्या आरोपावरून कारकुनास अटक'. कंपोझिटरने सांगितले, बसत नाही. डाक आवृत्तीची मोटार खाली उभी होती आणि चालक भोंगा वाजवीत होता. मी लाल पेन्सिल घेतली आणि केले: 'अपहारी कारकुनास अटक'. छान बसला. खाली त्या माणसाचे नाव, गाव, सारे होते. मी चहा घेतला आणि विसरून गेलो.

दीड वर्षाने न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पैसे वरच्या माणसाने हलविले होते. हा खिडकीत बसत असे, म्हणून सापडला. ती बातमी आम्ही दिली. चार ओळी, सहाव्या पानावर, बाजारभावाच्या खाली.

तो कचेरीत आला. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात छत्री. ओरडला नाही. खिशातून दोन कात्रणे काढून त्याने माझ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. आज सकाळी आम्ही दोन पेपर ठेवले होते ना, अगदी तशी. म्हणाला, "साहेब, हे सगळ्या गावानं वाचलं. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं याच्यावर. आणि हे दुसरं, हे कोणी वाचलंच नाही. एवढंसंच का छापलंत?"

मी म्हणालो, "जागा नव्हती."

त्याने मान हलविली, जणू त्याला ते पटले. कात्रणे उचलली आणि तो गेला. आमचे पान आठ स्तंभांचे होते! आमच्याकडे पोट्टी चित्रे नसत, लफडी नसत, अग्रलेखात संस्कृत वचने असत. गावोगावच्या शाळांत आमचा अंक मुलांना मोठ्याने वाचून दाखवीत. आणि त्या एका माणसापुरता आमच्यात आणि त्या 'सत्य'वाल्यांत काडीचाही फरक नव्हता. त्यांनी घालविलेला शब्दही तोच होता. फरक असलाच तर एवढा की, त्यांनी पुढे पहिल्या पानावर माफी मागितली. आम्ही कुठेच मागितली नाही.

नात बराच वेळ बोलली नाही. आजोबांना काय म्हणावे हे तिला सुचत नसावे. मग तिने पट्टी घेऊन शेवटचा रकाना खोडला आणि त्या जागी दोन नवे आखले. एकावर लिहिले, 'हे कोण म्हणतो?' दुसऱ्यावर लिहिले, 'चूक झाली तर केवढ्या जागेत छापतात?' मग दोन्ही अंक तिने पानापानाने चाळले. दोहोंतही चुकांची दुरुस्ती शोधायला तिला चष्मा लावून बसलेल्या मुद्रितशोधकाची मदत लागली, यातच काय ते समजावे.

वाचकहो, रोज सकाळी तुमच्या दारात पेपर पडतो. तो मोठा आहे की लहान, हे एका घडीचे काम आहे. त्याऐवजी हे दोन रकाने एकदा भरून पाहा. आता तर पुष्कळांचा पेपर तळहातावरच्या फोनमध्ये आला आहे. तिथे पान उरलेच नाही, फक्त मथळा उरला आहे. रकाने मात्र तेच लागू पडतात.

तक्ता पुरा झाल्यावर तिने विचारले, "आजोबा, तुमचा पेपरही घालू का यात? त्या कारकुनाची दुसरी बातमी केवढी होती?"

मी तिच्या हातातली फूटपट्टी घेतली. चार ओळी, दहा पॉइंटचे अक्षर. हे माप मला पट्टीशिवायही ठाऊक होते.

"घाल," मी म्हणालो. "लिही, पावणेदोन सेंटिमीटर."